क्रॅबट्रीची फरशी

डेन्झिल प्रुएट त्या रात्री घरातून निघाला तो बॅरिकेड टाकायला. बास, एवढंच काम. क्रॅबट्री ओढ्याला पाणी चढलं की फरशी पुलाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक बॅरिकेड उभं करायचं, आणि घरी येऊन गुमान झोपायचं. काउंटीच्या रस्तेखात्यात त्याचा जन्म गेलाय. असल्या रात्री त्याने काय कमी काढल्या असतील?

दोन वर्षं झाली याला. एप्रिलचा शेवटचा शनिवार. रात्रीचे दहा वाजून गेलेले. पाऊस आज लागलाय ना, तसाच. थांबायचं नावच नाही.

रेट, ती शिट्टी बंद कर आधी. हो, तुलाच सांगतोय, इथे दुसरा कोण रेट आहे? वाळूची पोती भरून झाली, रेडिओ वाजेपर्यंत आपल्याला या फायर स्टेशनात बसून राहायचंय, हे मला कळतं. बसून बसून तुझ्या अंगात किडे वळवळतात, तेही कळतं. तंगड्या हलव, कॉफी पी, काय वाटेल ते कर. पण पाणी चढलेलं असताना शिट्टी नको. का नको, तेच सांगतोय.

तर डेन्झिल. तुमच्यातल्या निम्म्यांना तो माहीत आहे. उंच, पुढे वाकून चालणारा, हसला तरी तोंड न उघडणारा. माझ्याबरोबर मासे धरायला यायचा. हे सगळं त्याने मला, या हॉइटला, स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, माझ्या व्हरांड्यात बसून. आता खरं मानायचं की नाही, तुम्ही ठरवा.

त्या दिवशी दुपारी त्याचं लेकीशी वाजलं होतं. मार्ली. गावातल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं सगळं करते, दुपारी जाते ती रात्री अकराला सुटते. तो म्हणाला, "आज फरशीवरून येऊ नकोस. डोंगराला वळसा घालून ये."

"डॅडी, वळसा म्हणजे तासाभराचा रस्ता आहे. दमून येते मी."

"पाणी चढणार आहे."

"चढू दे की! त्या फरशीवरून आजोबांचे लाकडाचे ट्रक गेलेत. माझ्या या डबड्याने तिला काय होणार?"

"म्हातारी झालीये ती फरशी."

"तुम्ही पण झालात. तुम्हाला कुठे पाडलंय अजून?" असं म्हणून ती हसत हसत गाडीत बसली. दार आपटून गेली. तिच्या मनात काही नव्हतं, पण याच्या मनात ते दार आपटल्याचा आवाज राहिला.

रात्री पाऊस वाढला, तसा डेन्झिलचा जीव थाऱ्यावर राहीना. खिडकीशी जायचा, परत यायचा, फोन उचलायचा, ठेवायचा. त्याची बायको वांडा वैतागली. "बस ना एका जागी! जमिनीला भोक पाडशील."

शेवटी त्याने वृद्धाश्रमात फोन लावला. तिकडून सांगितलं, मार्ली केव्हाच निघाली. पाऊस बघून तिला लवकर सोडलं.

आमच्या त्या खोऱ्यात मोबाइल लागत नाही हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे पोरगी रस्त्यात कुठेतरी, आणि तिला गाठायची सोय नाही. डेन्झिलने बूट चढवले. बॅरिकेडं पिकअपमध्ये होतीच. मागे टिली चढून बसली, त्याची निळ्या ठिपक्यांची शिकारी कुत्री. तिला सोडून तो अंगणाबाहेरही जात नसे. ठरवलं ते साधं होतं. एक बॅरिकेड अलीकडे, मग फरशी ओलांडून दुसरं पलीकडे, आणि तिथेच थांबून लेकीला अडवायचं. शिव्या खाव्या लागल्या तर खायच्या.

आता ती फरशी. कधी बघितली असेल तर आठवा. कठडे नाहीत, उंची नाही, खाली दगडी पाये आणि पाणी जायला मोऱ्या, वर सिमेंटची एकसंध लादी. मंदीच्या काळातलं सरकारी काम. गावातली शाळा, पोस्टाची इमारत, कोर्टासमोरचा फुटपाथ, सगळं त्याच सालांतलं. घराघरांत चूल पेटत नव्हती, म्हणून सरकारने लोकांच्या हातात फावडी दिली...

काय म्हणालास, रेट? फावड्याला टेकून पगार घ्यायचे? हं. तुझ्या पणजोबालाही लोक हेच म्हणायचे बरं का. भर चर्चमध्ये म्हणायचे. तो त्याच टोळीत होता, विचार घरी जाऊन. मशिनं मुद्दाम आणायची नाहीत, म्हणजे जास्त माणसांना काम मिळेल, असा नियम होता. सगळं हाताने. आणि माणसं जास्त, अवजारं कमी. म्हणून दोन टोळ्या. पहिलीची वेळ संपली की मुकादम शिट्टी मारायचा, पहिल्या टोळीचे लोक वर येऊन रस्त्याच्या कडेला रांगेत उभे राहायचे, आणि बदली माणसाने येऊन आपल्या माणसाच्या हातातनं अवजार घ्यायचं. अवजार जमिनीवर टाकून जायचं नाही. बदली आला नाही, तर तसंच उभं राहायचं. सुट्टी झाली ती शिट्टीने, पण सुटला तो हात रिकामा झाल्यावर.

तर अडतीस सालच्या वसंतात फरशीचं काम जवळजवळ संपलेलं. रात्री पूर आला. पाये उघडे पडायला लागले, म्हणून टोळी खाली उतरून पायांच्या बुडाशी दगड ठोकत होती. वरच्या अंगाने एकदम लोंढा आला. सगळ्यात पहिला गेला तो मुकादम. शिट्टी त्याच्या गळ्यात. माणसं खाली वाट बघत राहिली. शिट्टी काही वाजली नाही... वर कोणीच आलं नाही, फरशी मात्र राहिली. त्यानंतर फावड्याचा विनोद या खोऱ्यात कोणी केला नाही. आज तू केलास.

तेव्हापासूनची रीत आहे. ओढ्याला पाणी चढलेलं असताना शिट्टी मारायची नाही. मासे धरणारे मारत नाहीत. कुत्री घेऊन शिकारीला जाणारेही मारत नाहीत, आणि त्यांचं तर शिट्टीशिवाय पान हलत नाही. डेन्झिलच्या आईने त्याला याच्यापायी लहानपणी एकदा फोडून काढला होता.

त्या रात्री डेन्झिल उतरला, हातमोजे चढवले, बॅरिकेड काढून कडेला लावलं, टॉर्च मारून पाणी बघितलं. लादीच्या खाली दोनेक हात असेल. गढूळ, जोरात, पण वर नाही आलेलं. गाडी जाईल, म्हणाला मनाशी.

आणि त्याला आवाज आला. खालून.

ठक. ठक. ठक.

दगडावर लोखंड. ओंडका अडकला असेल, धडकत असेल, म्हणून त्याने सोडून दिलं. पण ओंडका असा एका लयीत धडकत नाही, आणि एक थांबला की दुसरा, दुसरा थांबला की तिसरा, असा तर मुळीच नाही. हे त्याला नंतर सुचलं. तेव्हा त्याचं सगळं लक्ष समोरच्या चढावर होतं. मार्लीचे दिवे दिसतात का, दिवे.

तेवढ्यात टिलीने पिकअपमधून उडी टाकली. सरळ फरशीवर धावली, मधोमध थांबली. मान खाली घालून लादीचा वास घेत राहिली. पाठीवरचे केस उभे. डेन्झिलने हाक मारली. ओढ्याच्या आवाजात हाक कुठली ऐकू जाते? ती फरशीच्या कडेशी गेली, वाकून खाली बघायला लागली. अजून एक पाऊल टाकलं असतं तर गेलीच असती.

"टिली! ए टिले! इकडे ये!"

नाही.

मग त्याने, पोरांनो, विचार न करता, जन्माची सवय म्हणून, एका हाताचा मोजा उपसून दोन बोटं तोंडात घातली.

आणि मारली शिट्टी.

टिली आली. शेपूट पोटाशी घालून, पळत, त्याच्या पायांत.

आणि खालचा ठकठक आवाज थांबला.

ओढा वाजत होता. पाऊस वाजत होता. फक्त तेवढा एकच आवाज... नव्हता. आपण काय केलं, ते डेन्झिलला त्या क्षणी कळलं. त्याने मोजा घाईघाईने परत चढवला, टॉर्च काठाकडे फिरवली.

काठाची माती घसरली. कोणीतरी वर चढत होतं.

आधी एक हॅट. मग खांदे. मग खांद्यावरची पहार. माणूस वर आला, त्याच्याकडे न बघता त्याच्याजवळून गेला, आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. ओलाचिंब. कपड्यांतून पाणी गळत होतं आणि ते थांबत नव्हतं. त्याच्यामागे दुसरा. तिसरा. कोणाच्या हातात फावडं, कोणाच्या हातात घण. एकही शब्द नाही. हॅटच्या काठाखाली तोंडं... डेन्झिल म्हणाला, मी टॉर्च वर केलीच नाही. करवली नाही माझ्याच्यानं.

सगळे रांगेत. अवजारं पुढे धरलेली. रस्त्याकडे बघत.

सगळ्यांच्या पुढे उभा होता तो म्हातारा असावा. आवाज दमलेला. इतका दमलेला की भीतीच्या आधी कीव आली, असं डेन्झिल म्हणाला.

"सुट्टी झाली ना?"

डेन्झिल मागे सरला, पिकअपला पाठ लागेपर्यंत.

"शिट्टी झाली. ऐकली आम्ही. बदली कुठाय?"

आणि तेव्हा फरशी कण्हली. दुसरा शब्द नाही मला. दगडावरून दगड सरकल्याचा आवाज, खोल, लांबलचक. डेन्झिलने टॉर्च फिरवली. मधला पाया हलत होता. हिरड्यांतला दात हलावा तसा. लादी एका बाजूला बोटभर खचली, आणि पाण्याचे शिंतोडे तिच्यावर उडायला लागले.

आणि समोरच्या चढावर दिवे आले.

मार्ली.

डेन्झिल ओरडला. टॉर्च डोक्यावर धरून हलवली, उड्या मारल्या. "थांब! मागे जा! मागे जा पोरी!" तिला वाटलं, डॅडी घ्यायला आलेत. दुपारचं भांडण मिटलं. तिने दोनदा दिवे मिचकावले. बापलेकीची जुनी खूण ती... हं. असो. दिवे खाली यायला लागले. तिचा वेग तुम्हाला माहीत आहे.

फरशीवरून धावत जावं तर फरशी त्याच्या वजनाने पण राहील की नाही, कोण जाणे. पलीकडचं बॅरिकेड त्याच्या पिकअपमध्येच पडलेलं.

तो त्या माणसांकडे वळला. "खाली जा! अरे, हात जोडतो, खाली जा परत! माझी पोरगी येतेय!"

रांग हलली नाही.

"सुट्टी झाली," म्हातारा म्हणाला. आणि पहार पुढे केली. दोन्ही हातांवर आडवी. वाट बघत.

किती वेळ? क्षणभर. दिवे अर्ध्या चढावर.

डेन्झिलने पहार घेतली.

गार. इतकी गार, की मोज्यांतूनही हाडाला लागली. म्हाताऱ्याचे हात तसेच राहिले, रिकामे. त्याने ते उलटेसुलटे करून बघितले. डेन्झिल काही ऐकायला थांबला नाही. काठावरून घसरत, चिखलात, मुळं धरत खाली. पाणी कमरेला. छातीला. मधल्या पायापाशी. पहार फटीत घातली. जोर लावला. काही नाही. एकटा माणूस काय करणार तिथे...

मग मागे पाण्यात कोणीतरी उतरलं.

मग दुसरं.

खांद्याला खांदा लागला. डावीकडून. उजवीकडून. ओले. गार. कोणी बोलत नव्हतं. त्याने पहार काखेत मारली, दोन्ही हात वर केले, तळवे लादीला लावले. शेजारच्याने लावले. त्याच्या शेजारच्याने. अंधारात सगळे हात वर.

लादी त्यांच्या हातांवर आली. सगळी.

वर गाडी आली.

तो सांगायचा, मला तिचं चाक न् चाक कळलं. पुढचं. मग मागचं. लादी वाकली. माझी मनगटं मोडतात की काय. शेजारचा कण्हला. मी देवाचं नाव घेतलं नाही रे हॉइट, मी फक्त म्हणत होतो, जा. जा. जा. जा.

गेली.

वर ब्रेक लागले. दार उघडलं. टिली भुंकायला लागली.

"डॅडी?... डॅडी! कुठे आहात?"

त्याला तोंड उघडता येईना. हात काढले तर लादी येईल अंगावर, तेही कळत होतं. आणि खरं सांगायचं तर, तो म्हणाला, निघावंसं वाटत नव्हतं. पाणी गळ्याला आलं होतं, आणि वाटत होतं, आता हेच काम आहे आपलं. बरं आहे.

"डॅडी!"

उजवीकडचा माणूस हलला. काखेतली पहार कोणीतरी अलगद काढून घेतली. पाठीवर एक हात आला. ढकलत.

"घरचं माणूस आलंय," तो म्हणाला. आवाज तरुण होता. पोरसवदाच. "जा तू. आम्ही आहोत."

मार्लीने त्याला काठावरून कॉलर धरून ओढून काढला. तो थरथरत होता, ती रडत होती आणि शिव्या देत होती, एकदमच. "वेडे आहात का तुम्ही? पाण्यात काय करत होतात? कुत्रीसाठी उतरलात?" तो म्हणाला, हो, कुत्रीसाठी. दुसरं काय सांगणार? रस्त्याच्या कडेला कोणी नव्हतं. तो म्हातारा पण नव्हता.

ते दोघं चढावर पोचले आणि मागे फरशी गेली. एकच धडाका. वांडाने तो घरात ऐकला.

सकाळी उघडीप होती. अर्धी काउंटी बघायला लोटली, मीही गेलो. लादी शंभरेक पावलं खाली वाहून गेली होती, अखंडच, आणि वाळूवर उलटी पडली होती. पालथी. अडतीस सालापासून जी बाजू कोणी बघितली नव्हती, ती आभाळाकडे.

काउंटीची इंजिनियर आलेली, नवीन मुलगी, चांगली होती. आधी तीच म्हणाली, सिमेंट ओलं असताना कामगारांनी हात टेकले असतील. मग गुडघ्यावर बसून तिने लादीवरून हात फिरवला आणि पटकन मागे घेतला. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, खालच्या बाजूला फळ्या असतात. सिमेंट फळ्यांवर ओततात. बघा ना, लाकडाच्या रेघा उमटल्यात सगळीकडे. सिमेंट सुकल्यावर फळ्या काढतात. इथे ओल्या सिमेंटला हात लागेलच कसा?

पण तळवे होते, पोरांनो. लाकडाच्या रेघांवर. रेघा दाबून आत गेलेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जोडीला जोडी लागून. खालून वर रेटलेले. मोठे, लहान, बोटं फाकलेली. ऐंशीएक वर्षांचं सिमेंट, छिन्नी लागत नव्हती त्याला. दगडासारखं कोरडं.

डेन्झिल रस्त्यावर पिकअपमध्येच बसून राहिला. खाली उतरला नाही. मार्ली आली. ती ओळीने एकेक जोडी बघत चालली होती, आणि मध्याच्या थोडं पुढे थांबली. वाकली. मग मागे वळून वर रस्त्याकडे बापाकडे बघितलं. 

मी जाऊन बघितलं. बाकी सगळे तळवे उघडे होते. कातडीच्या रेषा दिसत होत्या. ती एकच जोडी वेगळी. तिच्यात रेषा नव्हत्या, बारीक गोल ठिपके होते, शेजारी शेजारी, ओळीत. काउंटीकडून मिळतात ना, तळव्याला रबराचे ठिपके असलेले हातमोजे...

तुमच्या हातात आहेत, तेच.

रेट, काढू नकोस. असू दे. रेडिओ वाजला बघ.